लांडग्याच्या तोंडात आत्याचा हात

पुस्तकाचं पार्सल आलं तेव्हा आत्या गॅलरीत केस वाळवत बसली होती. कात्री शोधायचा धीर नव्हता, म्हणून तिने चिकटपट्टी सरळ दातांनी तोडली. तळमजल्यावर दातांचा दवाखाना चालवणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने हे पाहिलं असतं तर चांगला अर्धा तास तोंडसुख घेतलं असतं. पण आजचं पार्सल काही रोजचं नव्हतं. आतून निघाली ती तिच्या भाच्याची पहिली कादंबरी. जाडजूड, चकचकीत, आणि मुखपृष्ठावर काचेच्या इमारतींच्या मधून उगवलेलं अवाढव्य झाड. नाव होतं 'नवव्या मजल्यावरचे देव'. आत्याने आधी पुस्तकाचा वास घेतला, मग ते हातात तोलून पाहिलं, मग आतल्या पानावरच्या भाच्याच्या नावावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले. डोळे पुसून तिने पुस्तक उलटलं.

मागच्या बाजूला, अगदी मधोमध, ठळक अक्षरांत मजकूर होता. 'एका बैठकीत वाचून काढलं. सुन्न झाले. आपल्या भाषेला असं पुस्तक हवंच होतं.' आणि खाली आत्याचं नाव.

आत्याने हे पुस्तक अजून उघडलं नव्हतं. उघडायचं कुठून, ते तिच्या घरात येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. तिच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

आता हिचं एवढं काय बिघडलं, असं कुणाला वाटेल. तर आत्या वीसेक वर्षं रविवारच्या पुरवणीत पुस्तकांवर लिहीत होती. तिच्या कौतुकाने पुस्तक खपे आणि तिच्या चार ओळींनी भल्याभल्यांची झोप उडे, कारण ती दोन्ही गोष्टी खऱ्या करायची. तिचे नियम कडक होते. नात्यातल्या माणसाच्या पुस्तकावर लिहायचं नाही, शेजाऱ्याच्या नाही, आणि ज्याच्या घरी जेवलो त्याच्या तर नाहीच नाही. या शेवटच्या नियमापायी तिने लेखकांकडची जेवणं सोडली होती आणि त्याचं तिला थोडं वाईटही वाटे, कारण काही लेखकांच्या बायका सुगरण होत्या. आणि 'एका बैठकीत वाचून काढलं' या शब्दांवर तर तिचा विशेष राग. पूर्वी एकदा तिने लिहिलं होतं की पुस्तक एका बैठकीत संपत असेल तर एक तर ते पातळ आहे, नाहीतर वाचणाऱ्याला दुसरा उद्योग नाही. हे वाक्य वाचकांनी असं उचललं होतं की वाचनालयात कुणी 'एका बैठकीत' म्हणालं की बाकीचे खोकायला लागत. आणि आज तेच शब्द तिच्या नावाने, तिच्याच भाच्याच्या पुस्तकावर छापून आले होते. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

तरीही तिने आधी पुस्तक वाचायचं ठरवलं. न वाचता भांडायचं, हे तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

भाच्याला घरात खारू म्हणत, आणि ते नावही आत्यानेच ठेवलेलं. घर तीन मजली होतं. तळाला दवाखाना, पहिल्या मजल्यावर भावाचा संसार, दुसऱ्यावर भाडेकरू आणि वर एकटी आत्या. खारू लहान असताना भाऊबहिणीचं पाण्याच्या टाकीवरून असं काही बिनसलं होतं की दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मग निरोप्या कोण, तर हे पोर. "बाबा म्हणतात, मोटर तूच चालू करतेस तर तूच बंद कर." धापा टाकत वर येऊन सांगायचा, आणि आत्याचं उत्तर घेऊन खाली जाताना त्याला स्वतःच्या पदरचं थोडं तिखटमीठ लावायचा. त्याच दिवसांत आत्या त्याला उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवांच्या गोष्टी वाचून दाखवत होती. त्यात सगळ्या जगाला आधार देणारं एक झाड आहे. शेंड्यावर गरुड, मुळाशी सर्प, आणि दोघांच्या शिव्या एकमेकांना पोचवत खोडावरून खालीवर पळणारी एक खार. आत्या वाचता वाचता थांबली, पोराकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा तर तू." तेव्हापासून तो खारू. आता तिशी ओलांडलेला, जाहिरात कंपनीत नोकरी करणारा, डोक्यावरचे केस मागे हटू लागलेला पुरुष झाला तरी खारूच.

आत्याने पुस्तक वाचलं. एका बैठकीत नव्हे. सात-आठ बैठका लागल्या, आणि त्यातल्या दोन बैठकांत तिला डुलकी लागली.

वाचताना तिच्या हातात नेहमी पेन्सिल असे. आवडलं तिथे समासात बारीक रेघ, पटलं नाही तिथे छोटं प्रश्नचिन्ह. या पुस्तकाचे समास प्रश्नचिन्हांनी भरून गेले. कथा अशी होती. जाहिरात कंपनीतला एक तरुण एके दिवशी लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबतो आणि इमारतीला नसलेल्या नवव्या मजल्यावर पोचतो. तिथे त्याला कळतं की आपल्या शहरात जुने देव वेष पालटून राहतात. एक डोळा गमावलेला ओडिन कॅमेऱ्यांच्या खोलीत बसून शहरावर नजर ठेवतो. हातोडेवाला थॉर जुन्या इमारती पाडायची कंत्राटं घेतो. लबाड लोकी घरांची दलाली करतो, आणि तेवढं एक मात्र जमलं होतं. पण प्रत्येक देव आल्या आल्या आपण कोण, आपले वडील कोण आणि आपलं शस्त्र कोणतं हे दोन-दोन पानं सांगत बसे, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा. देवता सगळ्या सडपातळ होत्या आणि काम काही न करता खिडकीशी उभ्या असत. शेवटी जगाचा अंत जवळ येतो, आकाश काळं पडतं, आणि जाहिरात कंपनीतला तरुण एक भाषण करतो. मग जगाचा अंत होत नाही.

"भाषणाने," आत्या भिंतीला म्हणाली. "जगाचा अंत. भाषणाने टळला."

पण मधे एक प्रकरण होतं. इमारतीच्या तळघरात, गाड्या लावायच्या जागेत, देवांनी लांडग्याचं एक पिल्लू ठेवलेलं असतं. हे मोठं होऊन सगळ्यांना खाणार, असं भाकीत आहे, त्यामुळे कुणी त्याच्याजवळ जात नाही. फक्त टीर नावाचा देव, जो या पुस्तकात वाहतूक पोलीस आहे, ड्यूटी संपली की खाली उतरून त्याला हाताने भरवतो. खारूने लिहिलं होतं, 'पिल्लू खात असताना टीर हात मागे घेत नसे. आपण हात मागे घेतला की ते घाबरतं, हे त्याला कळलं होतं.' इथे आत्याने पेन्सिल खाली ठेवली. ते प्रकरण तिने दोनदा वाचलं. तिला वाटलं, आला, माझा पोरगा आला.

आणि मग पुढे सगळं मुसळ केरात. जुन्या गोष्टीत लांडगा टीरचा हात तोडतो आणि तो हात कायमचा जातो. खारूच्या पुस्तकातही तोडला, पण तीन पानांनंतर प्रयोगशाळेतली एक देवता टीरला नवा चमकता हात बसवून देते. तो जुन्यापेक्षा मजबूत, आणि वर त्याने लांबूनच सिग्नल बदलता येतात. आत्याने पुस्तक मिटलं. एवढ्या शेकडो पानांत कुणाचं काही म्हणजे काही गेलं नव्हतं. तिला राग आला, आणि रागापेक्षाही जास्त, वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक घेऊन ती पहिल्या मजल्यावर उतरली. खारू नुकताच कामावरून आला होता. भाऊ दवाखाना बंद करून सोफ्यावर पाय पसरून बसला होता, आणि भावजय शनिवारच्या प्रकाशन समारंभाला कुणाकुणाला फोन करायचे राहिले ते आठवत होती.

"हे कुणी लिहिलं?" आत्याने पुस्तक उलटं करून टेबलावर ठेवलं.

"मी," खारू हसत म्हणाला. मग ती कशावर बोट ठेवते आहे ते त्याने पाहिलं. "अच्छा, ते. ते प्रकाशकांनी लिहिलं. मला विचारलं होतं, मी हो म्हटलं."

"मला कुणी विचारलं?"

"आत्या, छपाईला उशीर होत होता. तू चांगलंच म्हणणार होतीस ना? मग आठ दिवस आधी म्हटलंस असं समज."

"आणि नसतं म्हटलं तर?"

खारूने पुस्तक उचलून पुन्हा मागची बाजू पाहिली. हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता, हे आत्याला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्याने काढलेलं प्रत्येक चित्र तिने भिंतीवर लावलं होतं. त्याच्या शाळेतल्या निबंधांना तिने टाळ्या वाजवल्या होत्या. या माणसाने आत्याचं नापसंतीचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, ते फक्त रविवारच्या पुरवणीतल्या परक्या लेखकांसाठी असायचं.

"तुला आवडलं नाही," तो हळू म्हणाला. प्रश्न नव्हताच तो.

"तळघराचं प्रकरण आवडलं."

"बाकीचं?"

"बाकीचं नाही रे."

भावजय फोन ठेवून पुढे आली. "ताई, नोकरी सांभाळून तीन वर्षं लिहिलंय त्याने. सुट्टीच्या दिवशी कुठे गेला नाही, आला नाही. एवढं एक वाक्य घाला ना पोटात."

"त्याने वाईट लिहिलं ते मी पोटात घालीन गं. आयुष्यभर घालीन. पण मी न बोललेलं माझ्या तोंडी घातलंय, ते कसं गिळू?"

"दात शाबूत आहेत अजून तुझे," भाऊ सोफ्यावरून म्हणाला, "चावून गिळ." हसलं कुणीच नाही, म्हणून त्याने पाय खाली घेतले. "ताई, अगं लोक मागचं पान वाचत नाहीत."

"वाचत नाहीत तर छापलं कशाला?"

खारूचे कान लाल झाले होते. लहानपणी रडायच्या आधी व्हायचे, तसेच. "मग शनिवारी येऊ नकोस," तो म्हणाला. "पत्रिकेवर वक्त्यांत तुझं नाव आहे, ते काढायला सांगतो."

"ते नको काढूस. ते मी स्वतः दिलं होतं."

आणि ती जिना चढून वर निघून गेली. मागून कुणाची पावलं आली नाहीत.

प्रकाशकाला फोन केला तर तो म्हणाला, "बाई, एवढ्या प्रती छापून झाल्या, आता काय करणार? आणि तुमच्याच घरचं पुस्तक आहे. सगळेच असं लिहितात हो, त्याला कुणी मनावर घेत नाही." आत्या म्हणाली की वीस वर्षं लोकांनी तिचं लिहिणं मनावर घ्यावं म्हणूनच ती खपली आहे. प्रकाशकाने नेटवर्क नीट येत नसल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

पुरवणीच्या संपादकाचं मात्र डोकं ठिकाणावर होतं. तो म्हणाला, "परीक्षण तुम्ही लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. तुमचाच नियम. पण एक छोटी चौकट टाकू या का? 'अमुक पुस्तकावरचा मजकूर आमच्या लेखिकेचा नाही', एवढंच."

आत्याने क्षणभर विचार केला. हे सोपं होतं आणि बरोबरही होतं. रविवारी सकाळी खारू दात घासता घासता ते वाचणार, शेजारी वाचणार, त्याच्या ऑफिसातले वाचणार, आणि ती वर आपल्या मजल्यावर दार लावून बसलेली असणार. "नको," ती म्हणाली. "चौकटीत घालून छापायला मी काय मेले आहे? जे बोलायचं ते त्याच्यासमोर बोलेन."

गप्प बसायचा मोह तिला झालाच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. शनिवारपर्यंत तो रोज झाला. खारू रोज ऑफिसला जाताना खालून हाक मारायचा, ती हाक बंद झाली होती, आणि आत्या त्या वेळेला उगीच गॅलरीत कपडे झटकत उभी राहायची. एक वाक्य. काय जातंय आपलं? पण मग ती पुस्तक उलटं करून ते वाक्य वाचायची आणि तिला वाटायचं, हे जर मी आज चालवून घेतलं तर उद्या या पोराचं पुस्तक खरोखर चांगलं निघालं आणि मी तसं म्हटलं, तर तो ते कशाच्या जोरावर खरं मानेल?

शनिवारी वाचनालयाचं वरचं सभागृह भरलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शिट्ट्या मारणारा माईक, भिंतीला लावलेला पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा मोठा फलक. पहिल्या रांगेत भाऊ नव्या शर्टात अवघडून बसला होता आणि भावजय आत्याकडे बघायचं टाळत होती. व्यासपीठावर प्रकाशक, खारू आणि आत्या. खारूने तिला बसायला खुर्ची पुढे केली, पण तोंडातून शब्द काढला नाही.

प्रकाशकाने प्रास्ताविक केलं आणि मग आत्याकडे हात करून दणक्यात म्हणाला, "आणि आता बोलतील त्या, ज्यांनी ही कादंबरी एका बैठकीत वाचून काढली."

मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. मग आणखी एक खोकला. मग सभागृहाला जणू साथच आली.

आत्या उठली. तिने माईक वाकवून आपल्या उंचीला आणला आणि म्हणाली, "खोकला बरा झाला की सांगा, मग सुरू करते." लोक हसले. हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "आधी एक जुनी गोष्ट सांगते. याच पुस्तकात आहे, पण जरा वेगळी आहे.

"देवांच्या घरी लांडग्याचं एक पिल्लू वाढत होतं. ते इतकं वाढलं की देवांची पाचावर धारण बसली. त्यांनी त्याला साखळदंडांनी बांधलं, त्याने ते तोडले. मग देवांनी एक रेशमासारखी मऊ दोरी करून घेतली. मांजराच्या पावलांचा आवाज, डोंगराची मुळं, माशाचा श्वास, असल्या जगात नसलेल्या वस्तूंची. म्हणाले, गंमत आहे रे, बांधून घे, नाही सुटलं तर आम्ही सोडू. लांडगा काही मूर्ख नव्हता. तो म्हणाला, ठीक आहे, पण तुमच्यातल्या एकाने माझ्या तोंडात हात ठेवायचा. खोटं बोलत असाल तर हात गेला. सगळे देव एकमेकांची तोंडं बघायला लागले. फक्त टीर पुढे आला. देव खोटं बोलतायत हे त्याला माहीत होतं. आपला हात जाणार हेही माहीत होतं. तरी त्याने ठेवला. लांडगा अडकला, टीरचा हात गेला, आणि कायमचा गेला. म्हणून एवढी वर्षं लोक त्याचं नाव घेतात."

सभागृहात आता कुणी खोकत नव्हतं.

"आता हे पुस्तक." तिने आपली प्रत वर धरली आणि मागची बाजू लोकांकडे केली. "इथे लिहिलंय ते मी लिहिलेलं नाही, बोललेलं नाही. छापलं तेव्हा मी पुस्तक वाचलंही नव्हतं. हा माझा हात आहे, आणि तो माझ्या पाठीमागे कुणीतरी लांडग्याच्या तोंडात ठेवून मोकळं झालं. टीरने स्वतःचा ठेवला होता. दुसऱ्याचा ठेवायला काही लागत नाही." प्रकाशक खुर्चीत सरकला. "पुस्तक मला आवडलं नाही. लेखक माझा भाचा आहे, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, म्हणून हे इथे, त्याच्यासमोर सांगते. तळघराचं प्रकरण वाचा. ते ज्याने लिहिलंय त्याला लिहिता येतं. बाकी पुस्तकात देवता नुसत्या खिडकीत उभ्या आहेत, टीरचा हातही तीन पानांत परत येतो, कुणाला कशाची झळच लागत नाही. माझा हात मला परत हवाय. बस."

ती खाली बसली. टाळी वाजवावी की नाही हे कुणाला कळेना. भावजयीने डोळ्यांना रुमाल लावला होता. आणि खारू उठला. त्याची बोलायची पाळी अजून आली नव्हती, पण त्याने माईक आपल्याकडे ओढला.

"ही गोष्ट हिने मला पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा मी दुसरीत होतो," तो म्हणाला. कान लालभडक झाले होते. "टीरचा हात तुटला, असं म्हणून हिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, चल, झोप आता. मला झोप लागेल असं हिला वाटलंच कसं?" लोक हसले, तो हसला नाही. "किती दिवस मी हात पांघरुणाच्या आत घेऊन झोपायचो. तेव्हाच ठरवलं होतं की मोठा झालो की त्याचा हात त्याला परत द्यायचा. नाहीतर लिहायचं कशाला? बाकी पुस्तक फसलं असेल. देवता खिडकीत उभ्या आहेत, असतील. पण हात परत दिला ते मी चुकलो नाही. ते मी कुणासाठीही बदलणार नाही. हिच्यासाठी तर नाहीच."

"दे ना परत," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, माईकशिवाय. "पण दुखू दे की जरा. तुझ्या टीरला टाकेसुद्धा पडले नाहीत."

पहिल्या रांगेत भावाची मान आपोआप हलली. बायकोने कोपर मारल्यावर थांबली.

खारू आत्याकडे वळला. मग माईक बाजूला करून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाक्याचं मात्र चुकलं." आणि व्यासपीठावरून खाली उतरला.

कार्यक्रम तसाच संपला. आत्याला वाटलं होतं की लोक आता काढता पाय घेतील. पण भांडण पाहिलेली माणसं पुस्तक बघितल्याशिवाय कशी जातील? दाराजवळच्या टेबलापाशी रांग लागली. खारू तिथे बसला होता. त्याने फलकाचे कोपरे रंगवायला आणलेला काळा मार्कर मागून घेतला होता. प्रत्येक प्रत आली की आधी तो ती उलटी करी, आत्याच्या नावाने छापलेला मजकूर नावासकट काळा करी, फुंकर मारून वाळवी, आणि मगच पुस्तक सुलटं करून सही करी. प्रकाशक शेजारी उभा राहून, "अहो, सगळ्यांवर कशाला, निदान उद्यापासून," असं काहीतरी पुटपुटत होता. खारू त्याच्याकडे बघतही नव्हता.

आत्या आपली प्रत घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिला पुढे या म्हणणारे होते, पण ती गेली नाही. तिचे पाय दुखत होते. तिचा नंबर आला तेव्हा तिने पुस्तक पुढे सरकवलं. खारूने ते उलटं केलं, मजकूर काळा केला, फुंकर मारली. मग सुलटं करून पहिलं पान उघडलं आणि मान वर न करता, इतर सगळ्यांना विचारलं तसंच विचारलं, "नाव काय घालू?"

त्याने तिचा हात ओळखला नसेल, हे शक्यच नव्हतं. आत्याला तोंडात मारल्यासारखं झालं. टीरचा हात गेला तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हे कोणत्याही पुस्तकात दिलेलं नाही. तिला ते आत्ता कळलं.

"आत्या," ती म्हणाली. "तेवढं अजून शिल्लक असेल तर."

खारूचं पेन पानावर थांबलं. मग त्याने झरझर काहीतरी लिहिलं, पुस्तक मिटलं आणि तिच्या हातात दिलं. मान तेव्हाही वर केली नाही.

आत्या जिन्यापर्यंत गेली. सगळा जिना उतरून जायचं आणि घरी गेल्यावर उघडायचं असं तिने ठरवलं होतं, पण धीर तिच्यात कधीच नव्हता. तिसऱ्या पायरीवर कठड्याला टेकून तिने पान उघडलं.

'आत्याला. तुझा हात परत. टीरचाही परतच राहील.'

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. डोळ्यांपुढची अक्षरं भिजून पसरली. "हट्टी कुठला," ती म्हणाली, आणि हा हट्ट कुणाकडून आलाय ते सांगायला भाऊ जवळपास नाही, याचं तिला बरं वाटलं. मग तिने पर्समधून पेन्सिल काढली. पहिल्या दोन वाक्यांपाशी समासात बारीक रेघ ओढली. तिसऱ्यापाशी एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं, आणि पाय दुखत असतानाही ती जिना चढून परत वर आली.

रांग संपली होती. खारू एकटाच बसून मार्करचं टोपण शोधत होता. आत्याने शेजारची प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि उघडं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं.

"सरक जरा," ती म्हणाली. "हे मला पटलेलं नाही."